यमकाची साक्ष

इंग्रजीत ‘लव्ह’शी चोख जुळणारी यमकं मोजायला एका हाताची बोटं पुरतात. अबव्ह, डव्ह, ग्लव्ह, शव्ह. म्हणजे वर, कबूतर, हातमोजा आणि धक्का देणं. प्रेमावर एवढी शाई खर्च करणाऱ्या भाषेत प्रेमाच्याच यमकांचा दुष्काळ पडावा, याला काय म्हणायचं! स्तोत्रं रचणाऱ्यांचं मात्र त्यावाचून अडलं नाही. देवाचं प्रेम वरून येतं, तेव्हा ‘अबव्ह’ आयतंच हाताशी. येशूचा यार्देन नदीत बाप्तिस्मा झाला त्या वेळी पवित्र आत्मा कबुतराच्या रूपानं उतरला असं शुभवर्तमानात आहे, तेव्हा ‘डव्ह’ही कामी आलं. चारातले दोन शब्द असे चर्चच्या वाट्याला गेले. हातमोजा आणि धक्काबुक्की बाकीच्यांनी वाटून घेतली.

इथवर गंमत. पण दर रविवारी ‘लव्ह’पाठोपाठ ‘अबव्ह’ गात मोठ्या झालेल्या माणसाच्या मनात प्रेमाचं आणि आकाशाचं नातं पक्कं झालं ते धर्मग्रंथामुळे की कानामुळे? दोन शब्दांची शेपटं सारखी असणं हा निव्वळ योगायोग असेल, तर त्या योगायोगावर बेतलेल्या प्रार्थनेत श्रद्धा किती आणि भाषेचा अपघात किती? आणि योगायोग नसेलच, तर तो घडवला कुणी?

विल्यम कूपर या अठराव्या शतकातल्या कवीचं उदाहरण घ्या. जॉन न्यूटन या धर्मगुरूबरोबर त्यानं रचलेली स्तोत्रं १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ या नावानं छापली गेली. त्यातल्या कूपरच्या एका गाजलेल्या स्तोत्रात ख्रिस्ताच्या रक्तानं भरलेलं कारंजं आहे आणि पापी माणसं त्या पुरात बुडी मारून शुद्ध होतात. आधार जुन्या करारातल्या जखऱ्याच्या पुस्तकाचा. तिथं पाप धुणारा झरा आहे, पण पूर नाही. हा पूर आला कुठून? ‘ब्लड’ला इंग्रजीत जुळतात ते ‘मड’, ‘बड’ आणि ‘फ्लड’. चिखल नको होता, कळी बसत नव्हती, राहिला पूर. यमकानं एक शब्द पुढे केला आणि त्या शब्दाबरोबर एक चित्र भक्तांच्या मनात कायमचं घुसलं. ते अंगावर येणारं आहे अशी कुरकुर नंतर बरीच झाली. कूपरच्या श्रद्धेत खोट काढायचं कारण नाही, पण पुराचं श्रेय थोडंफार इंग्रजीच्या शब्दसाठ्यालाही द्यावं लागतं.

याहून जुनी आणि गंभीर जोडी म्हणजे ‘वूम’ आणि ‘टूम’. गर्भाशय आणि थडगं. दोन्हींच्या शेवटी न उच्चारला जाणारा ‘बी’, दोन्हींचा आकार पोकळ, दोन्हींत माणूस एकटा. शेक्सपिअरच्या ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मध्ये पहाटे औषधी वनस्पती खुडायला निघालेला फ्रायर लॉरेन्स हीच जोडी वापरून सांगतो की धरणी ही सृष्टीची आईही आहे आणि तिची कबरही. ऐकणाऱ्याला वाटतं, भाषेनंच हे सत्य आधीपासून जपून ठेवलं होतं.

तसं काही नाही. ‘वूम’ हा अस्सल जुना जर्मानिक शब्द, ‘टूम’ ग्रीकमधून लॅटिन आणि फ्रेंच असा फिरत फिरत इंग्रजीत आलेला. दोघांचा संबंध बादरायण. शिवाय धरणी आई आणि तीच थडगं, हा विचार लुक्रेशियस या रोमन कवीनं इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातच मांडला होता, तोही यमक नसलेल्या लॅटिन छंदात. तिथं त्या विचाराला आवाजाचा टेकू नव्हता आणि त्याचं काही बिघडलं नाही. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलचा डीन जॉन डन यानं १६३१ साली, मरणाच्या काही आठवडे आधी, राजा पहिला चार्ल्स याच्यासमोर शेवटचं प्रवचन केलं. आईच्या पोटात असल्यापासून माणूस कफन पांघरूनच वाढतो, अशी त्यातली धडकी भरवणारी कल्पना आहे. प्रवचन गद्यात आहे, तिला यमकाची गरज पडली नाही.

‘डेथ’ आणि ‘ब्रेथ’ची गोष्ट थोडी वेगळी. ‘ब्रेथ’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ वास किंवा वाफ; श्वास हा अर्थ नंतर चिकटला. मृत्यूशी त्याचं रक्ताचं नातं नाही. पण श्वास थांबला की मृत्यू, हे नातं वस्तुस्थितीतलं आहे आणि ते कुठल्याही भाषेत खरंच राहील. म्हणजे शब्दांचं नातं खोटं, वस्तूंचं खरं, आणि यमकानं दोन्ही एकाच माळेत ओवलेलं. ‘गॉड’ आणि ‘रॉड’ मात्र संशयास्पद. देव आणि छडी! स्तोत्रसंहितेच्या तेविसाव्या स्तोत्रात मेंढपाळाची काठी धीर देणारी आहे. ‘रॉड’ म्हटलं की पुढे इंग्रजी शाळकरी पोरांना जी आठवायची ती वेगळीच.

आवाज जुळला म्हणून अर्थही जुळतो का, ही शंका इंग्रजीच्या जन्माआधीची आहे. प्राचीन ग्रीसमध्ये ‘सोमा’ म्हणजे शरीर आणि ‘सेमा’ म्हणजे थडगं. एका स्वराचा फरक. शरीर हे आत्म्याचं थडगं आहे ही शिकवण या दोन शब्दांच्या जोरावर सांगितली जायची, आणि प्लेटोच्या ‘गॉर्गियास’मध्ये सॉक्रेटिस ती एका शहाण्या माणसाकडून ऐकल्याचं सांगतो. पुढे पाश्चात्त्य विचारात देह तुच्छ आणि आत्मा थोर ही जी उतरंड लागली तिच्या मुळाशी अनेक कारणं असतील, पण हा ध्वनीचा योगायोगही त्यात बसलेला आहे.

मौज अशी की तोच प्लेटो ‘क्रॅटिलस’ या संवादात हा विषय उलटसुलट तपासतो. नावं वस्तूंच्या स्वभावातून येतात असं क्रॅटिलसचं म्हणणं. ती लोकांनी ठरवून दिलेली असतात असं हर्मोगेनिसचं. मधे सॉक्रेटिस शब्दांच्या व्युत्पत्त्यांची अशी काही बरसात करतो की तो गंभीर आहे की थट्टा करतोय याबद्दल विद्वानांचं अजून एकमत नाही. ‘सोमा’ची पाळी येते तेव्हा थडग्याचा अर्थ तो सांगतो खरा, पण ऑर्फियसपंथी कवींनी हा शब्द आत्म्याला सांभाळून ठेवणारं आवार, म्हणजे तुरुंग, या अर्थी योजला असावा असं त्याला जास्त संभवनीय वाटतं. एकाच शब्दातून थडगंही निघतं आणि कोठडीही. शेवटी सॉक्रेटिस या निष्कर्षाशी येतो की वस्तू कळायच्या असतील तर नावांच्या मागे न लागता वस्तूंकडेच जावं.

इंग्लंडमध्ये जॉन लॉकनं १६९० साली हीच गोष्ट जास्त कोरडेपणानं सांगितली. आवाज आणि अर्थ यांचं नातं नैसर्गिक असतं तर सगळ्या माणसांची भाषा एकच झाली असती. युक्तिवाद बिनतोड आहे. थडग्यासाठी मराठी माणूस ‘थडगं’ म्हणतो आणि त्याचं कशाशी यमक जुळतं याची त्याला फिकीर नसते.

यमकं तर एका भाषेतही टिकत नाहीत. अलेक्झांडर पोपच्या ‘द रेप ऑफ द लॉक’मध्ये चहासाठीचा शब्द ‘ओबे’शी जुळतो, कारण त्या काळी चहाला ‘टे’ म्हणायची रीत होती. शेक्सपिअरच्या सुनीतांत ‘लव्ह’ आणि ‘प्रूव्ह’ जुळतात. आज ती फक्त डोळ्यांना जुळलेली दिसतात. डेव्हिड क्रिस्टल या भाषाशास्त्रज्ञानं लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात २००४ साली नटांना त्या काळचे उच्चार शिकवून ‘रोमिओ अँड ज्युलिएट’चा प्रयोग करून घेतला, तेव्हा अशी हरवलेली यमकं पुन्हा कानावर पडली. देवानं एखादी खूण म्हणून यमक पेरलं असेल, तर दोनशे वर्षांत पुसली जाणारी शाई त्यानं का वापरली असावी?

तरीही धर्मानं यमकाला कवटाळलं, आणि तेही अशा ग्रंथासाठी ज्याला यमकाचं काही पडलेलं नव्हतं. बायबलातली मूळ हिब्रू स्तोत्रं यमकावर चालत नाहीत. एक विधान, मग त्याच आशयाचं दुसरं विधान, या जोडचालीवर ती उभी आहेत. ऑक्सफर्डमध्ये काव्याचा प्राध्यापक असलेल्या रॉबर्ट लाउथनं लॅटिनमध्ये दिलेली व्याख्यानं १७५३ साली छापली गेली आणि ही गोष्ट युरोपला नीट उमगली. तोवर इंग्रज मंडळींनी सगळी दीडशे स्तोत्रं यमकात घोळून ठेवली होती. टॉमस स्टर्नहोल्ड, जॉन हॉपकिन्स आणि इतरांनी केलेला संपूर्ण संग्रह १५६२ साली निघाला. हेतू साधा: न वाचता येणाऱ्या माणसालाही स्तोत्र पाठ व्हावं, गाता यावं. परिणाम असा की ट ला ट जोडण्यासाठी दाविदाची वाक्यं पार उलटीपालटी झाली.

अमेरिकेत जाऊन वसलेल्या प्युरिटनांना हे भाषांतर फार सैल वाटलं. त्यांनी स्वतःचं केलं, आणि १६४० साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला छापलेलं ते ‘बे साम बुक’ त्या वसाहतींत छापलेलं पहिलं पुस्तक ठरलं. देवाच्या वेदीला आमच्या चकाकीची गरज नाही, अशा आशयाचं त्याच्या प्रस्तावनेत आहे. मूळ शब्दाला धरून राहायचं, मग कविता खडबडीत झाली तरी चालेल. पण यमक काही सुटलं नाही. चालीवर म्हणायचं तर ओळींचे शेवट जुळायलाच हवेत, हा हट्ट त्यांनाही मोडता आला नाही. या पुस्तकाच्या अकरा प्रती आज शिल्लक आहेत. त्यातली एक २०१३ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे १ कोटी ४२ लाख डॉलरना गेली. चकाकी नको म्हणणाऱ्या पुस्तकाचं हे असं झालं.

या पेचात सर्वात प्रामाणिक तोड काढली ती जॉन मिल्टननं. १६४८ साली त्यानं ऐंशी ते अठ्ठ्याऐंशी ही नऊ स्तोत्रं यमकबद्ध इंग्रजीत आणली आणि मूळ हिब्रूत नसलेला, फक्त मात्रा भरायला किंवा यमक साधायला घातलेला प्रत्येक शब्द वेगळ्या, तिरक्या टाइपात छापायला लावला. वाचणाऱ्याला एका नजरेत कळावं की देवाचं काय आणि मिल्टनचं काय. जमाखर्च इतका चोख ठेवणारा धार्मिक कवी विरळाच.

पुढे त्यानं यमकच टाकून दिलं. ‘पॅरडाइज लॉस्ट’ १६६७ साली आलं ते यमकाशिवाय. वाचक बुचकळ्यात पडले, म्हणून प्रकाशकाच्या सांगण्यावरून वर्षभरात पुढच्या प्रतींना एक टिपण जोडलं गेलं. त्यात मिल्टननं यमकाला रानटी काळाची उपज ठरवलं आणि आपण कवितेला यमकाच्या दास्यातून सोडवून तिचं जुनं स्वातंत्र्य परत मिळवून देत आहोत असं बजावलं. राजाला फाशीवर—खरं तर कुऱ्हाडीखाली—पाठवणाऱ्या राजवटीचा हा माजी सचिव, राजेशाही परतल्यावर आंधळेपणात आणि पराभवात हे लिहीत होता. त्याच्या तोंडी ‘दास्य’ हा शब्द छंदशास्त्रापुरता उरत नाही. माणसाला पतनाचंही स्वातंत्र्य आहे हे ज्या काव्याचं मर्म, त्यात प्रत्येक ओळीचा शेवट आधीच्या ओळीनं ठरवून द्यावा, हे त्याला रुचलं नसणार. जॉन ड्रायडननं मात्र त्याच काव्याचं यमकबद्ध संगीतनाटक करायची परवानगी मागितली. मिल्टननं ती दिली, म्हणे बऱ्याच खवचटपणे.

मिल्टनचा राग समजतो. पण यमकाचा खरा पारखी त्याच्या आधीचा, आणि स्वभावानं अगदी उलट. जॉर्ज हर्बर्ट, जन्म १५९३. केंब्रिज विद्यापीठाचा अधिकृत वक्ता, दरबारात पुढे जाण्याची पुरेपूर संधी असलेला सरदारी घराण्यातला माणूस, अखेरची तीन वर्षं सॉल्सबरीजवळच्या बेमर्टन या लहानशा गावात पाद्री होऊन राहिला. १६३३ साली वारला. त्याच वर्षी त्याच्या कविता ‘द टेम्पल’ या नावानं निघाल्या.

त्यातली ‘डिनायल’ ही कविता न ऐकल्या गेलेल्या प्रार्थनेची आहे. सहा कडवी, प्रत्येकात पाच ओळी. पहिल्या चार ओळी एकाआड एक जुळतात, पाचवी लोंबकळत राहते, कशाशीच जुळत नाही. देव ऐकत नाही, हृदय मोडलं, ओळही मोडली. पाच कडव्यांत कानाला पाच वेळा तीच ठेच लागते. सहाव्या कडव्यात कवी देवाला विनवतो की माझं मन तुझ्या कृपेशी सुरात आण. तिथं ‘चाइम’ आणि ‘राइम’ हे शब्द येतात, घंटांचा मेळ आणि यमक, आणि पहिल्यांदाच पाचवी ओळ जुळते.

हर्बर्टची खुबी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. देवानं उत्तर दिलं असं तो कुठंही म्हणत नाही. शेवटची ओळ मागणीचीच आहे. यमक जुळलं ते मागता मागता. ते उत्तर म्हणून घ्यायचं की कवीनं स्वतःच स्वतःची समजूत घातली असं म्हणायचं, हे वाचणाऱ्यावर. आस्तिकाला कृपा ऐकू येते, नास्तिकाला कारागिरी. कविता दोघांनाही खोटं पाडत नाही.

इथं मराठी वाचकाला एक गोष्ट खटकेल, आणि खटकायला हवी. ओवीत तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा असतो. त्यात कुणाला देवाचं मौन ऐकू येत नाही. हर्बर्टचं बेमर्टन ज्या विल्टशर परगण्यात, त्याच परगण्यातला टॉमस स्टीफन्स हा जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला, मराठी शिकला आणि बायबलाची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगून गेला. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. आयुष्याची चाळीस वर्षं गोव्यात काढलेल्या या इंग्रजानं चौथा चरण हजारो वेळा सैल सोडला, आणि ऐकणाऱ्या साष्टीच्या नवख्रिस्ती माणसाला ती श्वास घ्यायची जागा वाटली असणार. तीच सुटी ओळ एका बोलीत विसावा आणि दुसरीत आकांत. यमकाच्या पोटात अर्थ जन्मजात नसतो, ऐकणाऱ्याची सवय तो तिथं ठेवते, याला याहून चांगला पुरावा शोधून सापडायचा नाही.

हर्बर्टला मात्र इंग्रजीच्या पोटात अर्थ सापडत होता, निदान तो सापडल्यासारखं वागत होता. ‘पॅरडाइज’ नावाच्या त्याच्या छोट्या कवितेत पाच कडवी आहेत, प्रत्येकी तीन ओळींची. देव माळी, माणूस झाड, आणि माळी झाडाची छाटणी करतो. ही छाटणी हर्बर्टनं शब्दांवरच केली. पहिल्या ओळीचा शेवट ‘ग्रो’. त्यातलं पहिलं अक्षर कापलं की ‘रो’. आणखी एक कापलं की ‘ओ’, म्हणजे देणं लागणं. झाड वाढतं, रांगेत उभं राहतं, फळाचं ऋण फेडतं. पुढे ‘चार्म’, ‘हार्म’, ‘आर्म’: जादूटोणा, इजा आणि देवाचा बाहू, ज्याच्या कुंपणात इजा पोचत नाही. मग ‘स्टार्ट’, ‘टार्ट’, ‘आर्ट’. मग ‘स्पेअर’, ‘पेअर’, ‘आर’: मोठी शिक्षा माफ करणं, बारीक छाटणं, आणि उरणं, असणं. शेवटी ‘फ्रेंड’, ‘रेंड’, ‘एंड’: मित्र, फाडणं, आणि शेवट, ज्याचा अर्थ उद्दिष्टही होतो.

डोकं चक्रावणारा प्रकार आहे. शब्दाचं एकेक अक्षर सुरीखाली जातं आणि दर वेळी उरलेल्या तुकड्यातून जिवंत, अर्थवाही शब्द निघतो. तोही नेमका हवा तो. अशा तीन पायऱ्यांच्या साखळ्या इंग्रजीत फार नसणार. हर्बर्टनं त्या हुडकून काढल्या. त्यातही थोडी हातचलाखी आहे. मित्राच्या स्पेलिंगमधला ‘आय’ त्यानं गाळला, कारण स्पेलिंगं तेव्हा पक्की झालेली नव्हती. ‘आर’ त्या काळी ‘पेअर’शी जुळेल असा उच्चारला जाई; आज जुळत नाही. म्हणजे देवाच्या बागेतलं एक झाड जवळजवळ चारशे वर्षांत थोडं कललं आहे.

तरी एक प्रश्न उरतोच. हे शब्द हर्बर्टनं बनवलेले नव्हते. ‘हार्म’च्या आत ‘आर्म’ कुणी ठेवला? भाषाशास्त्रज्ञ सांगेल की कुणीच नाही, शेकडो वर्षं हजारो तोंडांतून शब्द झिजले आणि असे जवळजवळ येऊन पडले. शोपेनहाउअर हा जर्मन तत्त्वज्ञ धार्मिक नव्हता. पण त्यानंही आपल्या मुख्य ग्रंथाच्या १८४४ सालच्या दुसऱ्या खंडात कबूल केलं आहे की यमक उत्तम जुळलं की तो विचार भाषेत आधीपासूनच ठरलेला होता, कवीनं तो फक्त शोधला, असा विलक्षण भास होतो. कळीचा शब्द ‘भास’. यमकाचं सगळं बळ तिथं आहे, आणि सगळी भीतीही.

ही भीती मोजूनही झाली आहे. अमेरिकेतल्या लाफायेट कॉलेजमधल्या मॅथ्यू मॅग्लोन आणि जेसिका तोफिगबख्श या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. फारशा प्रचारात नसलेल्या इंग्रजी म्हणी त्यांनी लोकांना दिल्या आणि त्या माणसाच्या वागण्याचं कितपत खरं वर्णन करतात असं विचारलं. संकटं शत्रूंना एकत्र आणतात, हे ‘वोज’ आणि ‘फोज’ जुळवून सांगितलं की लोकांना ते जास्त खरं वाटायचं. ‘फोज’च्या जागी त्याच अर्थाचा ‘एनिमीज’ घातला की खरेपणा उतरायचा. यमकामुळे म्हण जास्त खरी ठरते का असं थेट विचारलं तर उत्तर नकारार्थी. आणि आशय वेगळा, आवाज वेगळा हे आधी बजावून सांगितलं की फरक कमी व्हायचा. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ हे आपल्याला इतकं पटतं त्यात भुकेचा वाटा किती आणि ‘बा’चा किती, हे ज्यानं त्यानं तपासावं.

न्यायालयानंही याची चव घेतली आहे. अमेरिकेतल्या ओ. जे. सिम्पसनवरच्या खुनाच्या खटल्यात सरकारी पक्षानं आरोपीला ज्युरीसमोर खुनाच्या जागी सापडलेला हातमोजा घालायला लावला. तो नीट बसला नाही. बचाव पक्षाचे वकील जॉनी कॉक्रन यांनी समारोपात ‘फिट’ आणि ‘अक्विट’ ही दोन क्रियापदं जुळवून ज्युरीला बजावलं: बसत नसेल तर सोडा. ऑक्टोबर १९९५ मध्ये सिम्पसन सुटला. सुटकेला पुष्कळ कारणं होती, ती सगळी आज वकिलांनाही आठवत नसतील. यमक मात्र सगळ्यांना पाठ आहे. प्रार्थनेतलं यमक देवाकडे काहीतरी मागतं, तिथं ते फसवून फसवून कुणाला फसवणार? साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून ते शपथ घेऊ लागलं की मात्र उलटतपासणी व्हायलाच हवी.

अशी उलटतपासणी स्तोत्राच्याच चालीवर करणारी कवयित्री अमेरिकेत होऊन गेली. एमिली डिकिन्सन, मॅसॅच्युसेट्समधल्या अ‍ॅमहर्स्टची, १८३० ते १८८६. शाळेत असताना धर्मजागृतीची लाट आली, मैत्रिणी एकेक करून ख्रिस्ताला शरण गेल्या, ही गेली नाही. गावच्या चर्चची सदस्यही ती कधी झाली नाही. पण लहानपणापासून कानात बसलेला आयझॅक वॉट्सच्या स्तोत्रांचा आठ-सहा, आठ-सहा मात्रांचा ठेका तिनं आयुष्यभर सोडला नाही. ठेका तोच, यमक मात्र तिरपं. जुळतंय जुळतंय वाटतं आणि जुळत नाही.

मरणशय्येवर माशीची गुणगुण ऐकू येण्याची तिची कविता यासाठी वाचावी. आप्त भोवती जमले आहेत, डोळे कोरडे झाले आहेत, आता राजा, म्हणजे देव, दाराशी यायचा. त्याऐवजी माशी येते. चार कडवी. पहिल्यात ‘रूम’ आणि ‘स्टॉर्म’, दुसऱ्यात ‘फर्म’ आणि ‘रूम’, तिसऱ्यात ‘बी’ आणि ‘फ्लाय’: तिन्ही अर्धवट जोड्या. चौथ्यात ‘मी’ आणि ‘सी’, म्हणजे ‘मला’ आणि ‘दिसणं’, आणि इथं यमक पहिल्यांदाच लख्ख जुळतं. हर्बर्टच्या ‘डिनायल’ची हीच युक्ती: अडखळत यायचं आणि शेवटी जुळायचं. फरक एवढाच की हर्बर्टचं यमक जुळतं तिथं कृपेची विनवणी असते, आणि डिकिन्सनचं जुळतं तिथं खिडक्या मिटतात, दिसायचं बंद होतं, राजाचा पत्ता नसतो. तेच साधन, पण इथं त्यानं कुणाच्याही बाजूनं साक्ष दिली नाही.

ही कविता तिच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८९६ साली, मेबल लूमिस टॉड यांनी संपादित केलेल्या संग्रहात पहिल्यांदा छापली गेली. त्यात पहिल्या कडव्यात ‘रूम’ जाऊन ‘स्टॉर्म’शी जुळणारा ‘फॉर्म’ आला होता. दुसऱ्यात राजा खोलीत प्रकटण्याऐवजी आपल्या सामर्थ्यात प्रकटत होता, ‘फर्म’च्या जागी आणलेल्या ‘शुअर’शी जुळणारा ‘पॉवर’ हवा म्हणून. तिसऱ्यात ‘बी’ काढून ‘आय’ बसवला, तो ‘फ्लाय’शी चोख जुळला. पहिल्या कडव्यापासूनच सगळं सुरात लागलं होतं, त्यामुळे चौथ्यात काही घडतंय हे कळायला वाटच उरली नव्हती. टॉमस जॉन्सन यांनी हस्तलिखितांवरून सिद्ध केलेली आवृत्ती १९५५ साली निघेपर्यंत इंग्रजी वाचक ही दुरुस्त केलेली माशीच वाचत होते.